भिंतीतली वाट

सकाळी ७.३०

गाडीत सामान भरताना ड्रिल मशीन सगळ्यात खाली जातं. त्याच्यावर तारेत सूर सोडणारा टोनर, टोकाला बारीक कॅमेरा असलेली लांब वायर, पाइपातून सरकवायची स्प्रिंग, नायलॉनची दोरी, शंखजिऱ्याची पुडी आणि विजेरी. हा क्रम मी ठरवून ठेवलाय. मशीन हाताशी असलं की भोक पाडायची घाई होते. रंगकाम झालेल्या, माणसं राहत असलेल्या घरात खालच्या मजल्यावरून वर नेटची केबल न्यायची, तर भोक हा शेवटचा उपाय. बहुतेक घरांत वाट आधीच असते. घर बांधताना टेलिफोनसाठी, टीव्हीसाठी, दारावरच्या बेलसाठी कुणीतरी एखादा पाइप सोडलेला असतो, आणि पुढे तो सगळेच विसरून जातात. तो पाइप शोधून काढणं हे माझं खरं काम.

केबलचं ३०५ मीटरचं खोकं काल संध्याकाळीच तपकीर गल्लीतून आणलंय. तिथली दुकानं उघडायची वाट बघत बसलं तर अर्धी सकाळ बुधवार पेठेतच जाते. घेताना दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडून पाहतो. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाहेरून कळत नाही, स्वस्तही मिळते, पण ओढताना तुटते आणि तिचा रोध तांब्यापेक्षा जास्त. आपण याच केबलमधून गच्चीवर लावायच्या कॅमेऱ्याला वीजही पाठवणार असतो. एकदा भिंतीत गेलेली केबल पुढची वीस वर्षं कुणी बाहेर काढून बघत नाही. तिच्यात पैसे वाचवायचे नाहीत, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

९.००

कोथरूडच्या एका सोसायटीतला रो-बंगला. १९९० च्या आसपासचं बांधकाम, तळमजला, पहिला मजला आणि गच्ची. काका निवृत्त झालेत, मुलगी वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करते. फायबर खाली हॉलमध्ये येऊन थांबलाय आणि वर वायफाय पोचत नाही. मधे पाच इंची स्लॅब, त्यात सळ्यांची जाळी. वेगवान असलेला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा स्लॅबपुढे सगळ्यात आधी मान टाकतो. वरच्या खोलीत टेबलाशी एक पॉइंट हवा, पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला वायफायचा डबा हवा आणि गच्चीच्या दारावर कॅमेरा हवा.

काकूंनी विचारलं, “दादा, ते दोन-तीन डबे ठेवतात ना, बिनवायरचे, त्यानं नाही होणार?” होईल. पण ते डबे एकमेकांशीसुद्धा हवेतूनच बोलतात आणि मधला स्लॅब काही हलत नाही. जी वस्तू एका जागी राहते तिला वायर द्यावी, जी हातात फिरते तिला हवा मोकळी ठेवावी, असं माझं मत आहे.

पहिला अर्धा तास मी आणि माझ्याबरोबरचा पोरगा नुसतं घर बघत फिरतो. तो आयटीआयमधून वायरमन झालाय, हात चांगला आहे, फक्त हत्यार उचलायची घाई करतो. मी त्याला प्रत्येक खोलीतली बंद पडलेली प्लेट शोधायला लावतो. हॉलमध्ये सोफ्यामागे टेलिफोनची प्लेट निघाली. वर पॅसेजमध्ये आरशाच्या मागे कोरी झाकणपट्टी, तिच्यावर रंगाचे तीन थर. गच्चीकडून डिशची जुनी केबल बाहेरच्या भिंतीवरून उतरून खिडकीशेजारच्या भोकातून आत आलेली.

टेलिफोनची प्लेट उघडल्यावर आधी मीटर. लँडलाइन बंद केलीय असं काका म्हणाले तरी बघायचं. चालू लाइनवर एक्स्चेंजकडून साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात आणि बेल वाजते तेव्हा त्याहून बराच जास्त एसी येतो. मीटरनं शून्य दाखवलं. मग तारांना टोनर लावला आणि पोरगा प्रोब घेऊन भिंतीवरून निघाला. तारेतून जाणारा सूर प्लास्टरच्या आतूनही प्रोबला ऐकू येतो. सोफ्यामागून सूर सरळ वर गेला, छतापाशी डावीकडे वळला आणि थोडं पुढे जाऊन विझला. मी जिन्यानं वर जाऊन आरसा उतरवला. कोऱ्या झाकणपट्टीशी प्रोब नेला, तर सूर तिथे होता. दोन मजल्यांमधली वाट सापडली होती, भिंतीला ओरखडाही न काढता.

१०.००

आत वाट मिळाली तरी आधी बाहेरचं काम उरकतो. मे महिना आहे आणि पश्चिमेची भिंत दुपारपर्यंतच सावलीत असते.

गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी गच्चीचा स्लॅब फोडायचा प्रश्नच येत नाही. त्याच्यावर ब्रिकबॅट कोबा आहे, विटांचे तुकडे उताराला लावून वर सिमेंटचा थर. कोब्याला एक भोक पडलं की पाणी त्याच्या खालून कुठेही फिरतं आणि भोकापासून दहा फुटांवर छतातून ठिबकतं. म्हणून केबल जिना जिथे गच्चीवर उघडतो त्या खोलीच्या बाजूच्या भिंतीवरून बाहेर उतरवायची, पाइपात घालून क्लॅम्प मारत, पहिल्या मजल्याच्या खिडकीशेजारी आत घ्यायची. बाहेर काळ्या आवरणाची केबल वापरतो. घरातली साधी केबल उन्हानं काही वर्षांत तडकते.

डिशच्या केबलचं भोक होतंच, पण ते वापरलं नाही. ते आतल्या बाजूला उतरतं. आत त्याच्या बरोबर खाली ओलीचा डाग होता, त्यावर दोनदा रंग मारून झालेला. काकांचा समज गच्ची गळते असा होता. ज्यानं ते भोक पाडलं त्यानं बाहेर शिडीवर उभं राहून, मशीन खाली झुकवून पाडलं. दर पावसाळ्यात पाणी केबलवरून घरंगळत आत यायचं. आम्ही ते सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगच्या मालानं बुजवलं आणि वीतभर अंतरावर नवीन पाडलं, आतून बाहेर, बाहेरचं टोक खाली राहील असं. शिवाय केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला. पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतं, वर चढत नाही. नऊ इंची वीट, बाहेर दोन हातांचं प्लास्टर. मशीनचं दिवसभरातलं मोठं काम एवढंच.

११.१५

चहा घेता घेता काकांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. भाचा न्यू जर्सीत असतो, त्यानं स्वतःच घरात केबल टाकली. भिंतीला छोट्या करवतीनं चौकोन कापला, वरच्या मजल्यावरून साखळी सोडली, खालून ओढली, झालं. “आपल्याकडे एवढं अवघड का?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता, म्हणून नीट उत्तर दिलं.

तिकडच्या घरात लाकडाच्या उभ्या पट्ट्या साधारण १६ इंचांवर असतात आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता. मधे पोकळी. तिथली अडचण म्हणजे वरची-खालची आडवी लाकडं आणि बाहेरच्या भिंतीत भरलेला कापूस. आपल्याकडची वीट भरीव. पोकळी आहे ती फक्त पाइपाची. (आपल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत मात्र कडीपाटाच्या फटींतून, तुळयांच्या कडेनं केबल छान जाते. तिथे काळजी वेगळी असते. माती आणि लाकूड, म्हणून हॅमर लावायचाच नाही.)

“मग सरळ स्लॅबला भोक?” हे पुढचं, आणि सगळेच विचारतात. वाटतं की खालची भिंत आहे, वरची भिंत तिच्याच डोक्यावर आहे, मधून सरळ वर जाऊ. पण आरसीसीच्या घरात भिंतीच्या डोक्यावर बीम असतो. कोपऱ्यात जावं तर कॉलम. या दोघांना भोक पाडायचं नाही, तेवढीच एक गोष्ट मी कुणाच्याही आग्रहानं करत नाही. म्हणजे बीम सोडून बाजूला स्लॅबमध्ये यायचं, आणि मग केबल खालच्या छतात भिंतीपासून थोडी लांब, उघडी निघते.

तरीही कधी कधी तेच करावं लागतं. तेव्हा आधी सळ्या शोधायच्या यंत्रानं जागा बघायची. बाथरूमच्या जवळपास नाही, कारण तिथे खाली वॉटरप्रूफिंग आहे. एकूण जाडी आठेक इंच धरायची, पाच स्लॅब, दोन-अडीच फरशी आणि तिच्याखालचा माल, अर्धा प्लास्टर. मोजमाप दोन्ही मजल्यांवर सारखी असलेल्या एखाद्या वस्तूपासून घ्यायचं. बाहेरच्या भिंतीवरची खिडकी चालते, आतल्या भिंती चालत नाहीत, त्या मजल्यागणिक सरकतात. वरून सुरुवात करायची, फरशी हॅमर बंद ठेवून कापायची, नाहीतर तिला चीर जाते. मग हॅमर. आणि शेवटचा इंच खालून, नाहीतर छताचं प्लास्टर ताटलीएवढं सुटून खाली येतं. भोकात पाइपाचा तुकडा बसवायचा आणि तो फरशीच्या वर इंचभर ठेवायचा. लादी पुसतानाचं पाणी खालच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून. हा इंच बरेच जण दिसायला बरं दिसत नाही म्हणून कापून टाकतात, मला ते पटत नाही.

११.४५

आता ओढकाम. पाइप १९ मिलिमीटरचा, आतून साधारण सोळा. आमच्या कॅट-सिक्स केबलची जाडी सहा. पाइप चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही असा नियम आहे. सोळाच्या पाइपाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस मिलिमीटर, चाळीस टक्के म्हणजे ऐंशी, एक केबल अठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे दोन बसतात, तिसरी बसवली तर बसेल, पण वळणावर तिन्ही एकमेकींना घासतील. म्हणून बेत बदलला. दोनच केबल वर न्यायच्या, पॅसेजच्या माळ्यावर छोटा स्विच ठेवायचा आणि तिथून खोली, वायफाय, कॅमेरा. दोनातली एक कामाची, एक राखीव.

विजेच्या पाइपातून नेऊ का, असं पोरानं विचारलं होतं. तिथे जागा भरपूर आहे, खरं आहे. पण २३० व्होल्टच्या तारेचं आवरण कुठे वळणावर घासलं गेलं आणि शेजारी आपली केबल असली, तर गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगावर वीज येऊ शकते. दोन्ही वायरिंग वेगळ्या पाइपात, एकमेकींना ओलांडल्याच तर काटकोनात.

जुनी टेलिफोनची वायर हलते का ते आधी पाहिलं. मी खालून इंचभर ओढली, वरून पोरगा म्हणाला, “आली.” म्हणजे पाइपात सिमेंट गेलेलं नाही. पण ही अर्ध्या मिलिमीटरची तार, तिच्यावर दोन केबलचा भार टाकला तर मधेच तुटेल आणि वाट कायमची बंद होईल. म्हणून तिच्या मागे फक्त नायलॉनची दोरी बांधली. तार वर गेली, दोरी आली. मग दोरीला केबल. गाठ मारायची नाही. केबलचं आवरण वीतभर सोलायचं, चार जोड्या मागे-पुढे कापायच्या, म्हणजे टोक निमुळतं होतं. त्यांचा दोरीत पीळ भरायचा आणि वरून टेप असा गुंडाळायचा की कुठेही पायरी राहणार नाही. दोन्ही टोकं एकाच रेषेत ठेवली तर तिथेच फुगवटा होतो, म्हणून दुसरी चार बोटं मागे. पाइपाच्या तोंडाशी शंखजिऱ्याची पावडर.

मी खालून भरवतो, तो वरून ओढतो. जिन्यातून आवाज, “ओढ... थांब... सोड... ओढ.” छतापाशी जिथे सूर डावीकडे वळला होता तिथे अडकलं. अपेक्षा होतीच. अशा वेळी ताकद लावायचा मोह होतो. कॅट-सिक्सला साधारण अकरा किलोच्या पलीकडे ताण द्यायचा नसतो. त्यापेक्षा जास्त ओढली तर ती तुटत नाही, आतल्या जोड्यांचा पीळ लांबतो, आणि तो दोष कुठल्याही दिव्यानं दिसत नाही. म्हणून हातभर मागे घेतली, केबल बोटांत पाव वळसा फिरवली, पावडर टाकली, पुन्हा भरवली. असं काही वेळा करावं लागलं. वर वळण बेंडचं होतं की काटकोनी एल्बोचं, हे हाताला कळतं. बेंडमध्ये टोक घसरतं, एल्बोमध्ये ठोकतं. इथे बेंड होता. ज्यानं चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा दुपारी एल्बोऐवजी बेंड बसवला, त्या वायरमनचे मी मनापासून आभार मानले. एक वळण नीट केलं त्यानं, आणि आज एक भिंत वाचली.

वर टोक दिसलं तेव्हा पोरगा एवढ्यानं ओरडला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

माळ्यापासून खोलीपर्यंत इंटरकॉमचा रिकामा पाइप निघाला, त्यात तारही नव्हती. तिथे स्प्रिंग घालायच्या आधी घरातलाच व्हॅक्यूम क्लीनर मागून घेतला. प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा तुकडा शिवणाच्या दोऱ्याला बांधला, एका तोंडात ठेवला, दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम लावला. दोरा चुटकीसरशी पलीकडे. पाइप मोकळा असेल तर यासारखी युक्ती नाही.

दुपारी १.३०

जेवण. डबे उघडले, काकूंनी आमरसाच्या वाट्या आणून ठेवल्या.

२.००

टोकं लावणं. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवी जोडी तीन आणि सहावर बसते, निळीला मधे घेऊन. नवीन पोरं रंग शेजारी-शेजारी लावतात, दोन्ही टोकांना सारखेच लावतात, टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात आणि वाटतं झालं. पण जोडी फुटलेली असते. एका जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात तेव्हा बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि वजा होतो. ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची, १८८१ चं पेटंट आहे, टेलिफोनसाठी. एक तार एका जोडीतली आणि दुसरी दुसऱ्या जोडीतली घेतली की वजाबाकी होत नाही. म्हणून मी पोराला रंग पाठ करायला लावत नाही, कुठली तार कुणाबरोबर चालते ते समजावतो. आणि पीळ शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत टिकवायचा, सुटसुटीत दिसावं म्हणून दोन इंच उलगडायचा नाही.

मग खरी परीक्षा, लॅपटॉप लावून. गिगाबिट चालायला चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. स्क्रीनवर १००० ऐवजी १०० दिसलं तर समजायचं की कुठेतरी एक तार बसलेली नाही. पहिल्या मजल्यावर, माळ्यावर, खोलीत, सगळीकडे १००० आलं. कॅमेरा केबलवरूनच वीज घेऊन सुरू झाला. मुलगी मीटिंगमध्ये होती, तिनं मीटिंग संपल्यावर वायर लावली आणि एवढंच म्हणाली, “अरे, अडकत नाहीये.”

३.१५

झाकपाक. जुन्या भोकाशी सिमेंट वाळलं नव्हतं, त्यावर लांबी भरायला पोरगा परवा येईल. काकांकडे रंगाचा उरलेला डबा आहे, ते बरं झालं. नवीन आणलेला रंग जुन्या भिंतीवर कधीच मिळत नाही.

टेलिफोनच्या पाइपात केबलबरोबर एक नायलॉनची दोरी आत सोडून दिलीय, दोन्ही टोकं बॉक्समध्ये गुंडाळून. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. मग कागदावर घराचा साधा नकाशा काढला, पाइप कुठून वर जातो, कुठे वळतो, बाहेरचं भोक कुठे, आणि तो खालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. उद्या कुणी तिथे खिळा ठोकेल, टीव्ही लटकवेल, त्यांना हे माहीत असायला हवं. काकांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून भाच्याला पाठवला.

४.४५

बाणेरला एका टॉवरमधला डुप्लेक्स फ्लॅट, फक्त पाहणी. हे मायव्हान पद्धतीचं बांधकाम. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटनं भरतात, वीट नाहीच. भिंतीत सळ्या, आणि तीच भिंत इमारतीचा भार घेते. इथे झिरी मारायची नाही, एक इंचाचीसुद्धा नाही. जे पाइप काँक्रीट ओतायच्या आधी बांधले तेवढेच. या फ्लॅटमध्ये दोन मजल्यांमध्ये डेटासाठी एकही पाइप नाही, मी प्रत्येक प्लेट उघडून, कॅमेरा घालून पाहिलं.

मालकांचा इंटिरियरवाला म्हणाला, “कोअर कटिंग करून घेऊ, अर्ध्या तासाचं काम आहे.” मी म्हटलं, सोसायटीचं आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी आणा, ते जिथे खूण करून देतील तिथेच. तोवर माझा सल्ला वेगळा आहे. जिन्याच्या स्कर्टिंगच्या खाचेत काचेसारखा पारदर्शक बारीक फायबर चिकटवून वर नेता येतो. दोन हातांवरून तो दिसत नाही आणि त्याला बीमशी काही घेणंदेणं नाही. वर वीज लागेल, ती तिथल्या प्लगवरून घ्यायची. मालकांना विचार करायला वेळ हवाय. ठीक आहे, घाई मलाही नाही.

संध्याकाळी ७.००

घरी पोचलो तेवढ्यात एका छोट्या कंत्राटदाराचा फोन. कात्रजच्या पुढे एका बंगल्याचा पहिला स्लॅब उद्या भरायचाय. विजेचे पाइप टाकून झालेत, “नेटचं काही टाकायचं का?” हा फोन मला सगळ्यात आवडतो. पाय धुवायच्या आधी वही घेऊन बसलो आणि सांगत गेलो. २५ मिलिमीटरचा पाइप, दोन. जिन्याजवळच्या कपाटापासून वर, प्रत्येक मजल्यावर मोठा बॉक्स, तिथून पुढे गच्चीपर्यंत. विजेच्या पाइपापासून लांब. सळ्यांच्या वरच्या आणि खालच्या जाळीच्या मधे बांधायचे, मोकळे ठेवले तर काँक्रीट ओतताना तरंगून वर येतात. सांध्यांना सोल्यूशन लावायचं. तोंडं कागदानं आणि टेपनं पक्की बंद, बॉक्समध्ये थर्माकोल, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जाऊन पाइप कायमचा बसतो.

“बेंड संपलेत. एल्बो टाकू का?”

नको म्हटलं. काँक्रीटचा मिक्सर अकराला येणार आहे. बेंड माझ्याकडे पडलेत, मी साडेआठला घेऊन पोचतो.